राक्षसाला नियम लागतो

वैशाख तापला की आमच्या गल्लीच्या टोकाला बँडवाल्यांच्या तालमी सुरू होतात. क्लॅरिनेटवाला एकच ओळ घोटत राहतो आणि शेवटच्या सुरावर हमखास घसरतो. टीपॉयवर हळदकुंकवाची बोटं लागलेल्या पत्रिका साचतात. दुपारी बारानंतर जळगावचा रस्ता असा ओस पडतो की डांबर वितळून चपलेला धरून ठेवतं आणि तिला सोडवायलाही कुणी नसतं. घरात कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास भरलेला असतो. अशा वेळी शेजारच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते आणि मला कुसुम आठवते.

आठवते म्हणजे काय, पोटात आंबट होतं. इतकी वर्षं झाली. त्याच महिन्यात घातलेलं कैरीचं लोणचं पावसाळ्यापर्यंत मुरतं. हे आंबट मात्र दर लग्नसराईत नव्यानं घातल्यासारखं कोरंच्या कोरं वर येतं.

परवा भावाची नात सुट्टीला आली होती. पुण्यात मार्केटिंग शिकते. मला म्हणाली, "आजी, आम्हाला शिकवतात, गिऱ्हाइकाला आधी कशाची भीती वाटते ते ओळखायचं." मी म्हटलं, "हे मला राक्षसांच्या गोष्टी लिहिणाऱ्या एका बाईनं धरणगावच्या बसमध्ये सांगितलंय. फी न घेता." ती हसली. तिला वाटलं, आजी गंमत करतेय.

तेव्हा मार्केटिंग हा शब्द आमच्यात नव्हता. नाना त्याला 'गळी उतरवणं' म्हणायचे. नानांचं दाणा बाजाराजवळ भांड्यांचं दुकान होतं. लग्नसराईत त्या दुकानात उभं राहणं म्हणजे मोठ्या घंटेच्या आत उभं राहणं. एकीकडे हंडे-पराती एकमेकींवर आदळतायत, दुसरीकडे भांड्यांवर नावं कोरायचं मशीन टर्र टर्र करतंय, आणि मधे नाना भर उन्हाळ्यातही सर्दी झालेल्या आवाजात भाव सांगतायत. सगळं खपायचं. खपायचे नाहीत ते फक्त प्रेशर कुकर. खोक्यांची उतरंड माळ्यापर्यंत गेली होती. बायका लांबून बघायच्या, नखानं टिचकी मारायच्या आणि पातेल्यांकडे वळायच्या. कुकर फुटतो, हे सगळ्या खानदेशाला पाठ होतं.

म्हणून नानांनी दोन मुली ठेवल्या. गावोगाव जायचं, चारचौघींसमोर कुकरमध्ये वरणभात शिजवून दाखवायचा. एक मी, शैला, बी.कॉम. झालेली. दुसरी कुसुम, धरणगावजवळच्या शेतकऱ्याची मुलगी, बी.ए. झालेली, जळगावात मावशीकडे राहणारी. दोघी एकाच दिवशी लागलो. पहिल्याच दिवशी मी कुकरचं माहितीपत्रक पाठ केलं. कुसुमनं ते पंख्यासारखं हलवून वारा घेतला.

मला ही नोकरी नुसती नोकरी म्हणून नको होती. नाना धुळ्याला दुसरं दुकान काढणार होते. या लग्नसराईत जी चांगलं काम करील तिच्या हाती ते द्यायचं, असं त्यांनी आम्हा दोघींसमोर सांगितलं होतं. त्या दुकानाच्या वर एक खोली होती. मी भावाकडे राहायचे, दोन खोल्यांत पाच माणसं, आणि माझी गादी सकाळी सर्वांत आधी गुंडाळली जायची. धुळ्याची ती खोली न बघताच मी तिच्यात राहायला गेले होते. खिडकीत तुळस ठेवली होती. टेबलावर माझी पुस्तकं आणि कागद.

कागद कशाला, तर मी लिहायचे. संध्याकाळ, एकटं झाड, नदीचं कोरडं पात्र असल्या विषयांवर हळवे लेख. साप्ताहिकांना पाठवायचे, ते साभार परत यायचे. आणि कुसुम राक्षसांच्या गोष्टी लिहायची. मुलांच्या एका मासिकात त्या दर महिन्याला छापून यायच्या, चित्रासकट. पहिल्यांदा तिनं मासिक दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "छान आहे, मुलांना आवडेल." 'मुलांना' या शब्दावर मी किती जोर दिला, ते मला अजून ऐकू येतं.

तिचा गाजलेला राक्षस होता दुपाऱ्या. मी तिला विचारलं होतं, राक्षस दुपारी कसा काय? ती म्हणाली, "रात्री तर सगळे घरात असतात, एकमेकांना खेटून झोपतात. भीती कशाची? मेच्या दुपारी बघ. दारं बंद, गल्ली रिकामी, कुत्रंसुद्धा गाडीखाली. तेव्हा कडी वाजली तर कोण असेल?" दुपाऱ्या दाराबाहेर उभा राहून पाणी मागायचा. माथ्यावर ऊन असल्यानं त्याची सावली पडायची नाही. आणि घरातल्या बाईनं 'ये' म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता यायचा नाही. ही गोष्ट मी एकदा वाचली. नंतर आठवडाभर भर दुपारी कडी वाजली की मी आधी खिडकीतून बघायचे. तिचं लिखाण मला आवडलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते, आणि तरी खिडकीतून बघत होते.

आमचं पहिलं प्रात्यक्षिक धरणगावच्या बाजूच्या एका खेड्यात, देवळाच्या ओट्यावर झालं. मी पाठ केल्याप्रमाणे सुरुवात केली. इंधनाची बचत, वेळेची बचत, अन्नातलं सत्त्व. बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मधेच एक जण म्हणाली, "हाऊ फुटस ना व बाई?"

"नाही, कुकर अजिबात फुटत नाही," मी ठणकावून सांगितलं.

झालं. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. जी बाई कुकर फुटतच नाही म्हणते ती खोटारडी, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पुढचं माझं सगळं बोलणं पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या गावाला, तिथल्या देवळाच्या ओट्यावर, कुसुमची पाळी. तिनं स्टोव्ह पेटवला, कुकर चढवला आणि त्यावर चक्क एक टॉवेल टाकला, नुसती शिट्टी वर दिसेल असा. मग ती बायकांसारखीच मांडी घालून बसली आणि म्हणाली, "तुम्ही कुकरचं काय काय ऐकेल शे, सांगा बरं." ती त्यांच्या बोलीत बोलली म्हणून नव्हे, तर तिनं विचारलं म्हणून बायका सैल झाल्या. एक म्हणाली, "मन्ही बहीनना गावले एक फुटना. दाय बठ्ठी धाबाले चिकटनी!" डाळ सगळी छताला जाऊन चिकटली होती म्हणे. दुसरीच्या गावी झाकण उडून परसातल्या बकरीला लागलं होतं. तिसरीच्या गोष्टीत भिंत पडली. कुसुम प्रत्येक गोष्टीला डोळे मोठे करत होती, "मग? मग काय व्हयनं?" म्हणत होती. एका शब्दानं तिनं कुणाला खोडलं नाही.

आणि ऐन भिंत पडताना कुकरची शिट्टी झाली.

बायका किंचाळल्या. दोघी ओट्यावरून खाली उतरल्या. मग सगळ्या एकदम हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. त्या हसण्याच्या मधेच कुसुम शांतपणे म्हणाली, "फुटतो. खरंच फुटतो. कधी फुटतो ते सांगू?" आणि खाली उतरलेल्या दोघी परत ओट्यावर चढल्या. "याला तहान लागते. आत पाणी नसलं की हा चिडतो. याचं नाक चोंदलं की हा घुसमटतो. आणि हा रागात असताना कुणी डोक्यावरची टोपी ओढली की मग ऐकत नाही. एवढी तीन पथ्यं पाळा, हा तुमच्या म्हशीपेक्षा गरीब." मग तिनं खोक्यातल्या दुसऱ्या कुकरच्या झाकणाचं छिद्र बायकांतल्या सर्वांत भित्र्या बाईला फुंकून बघायला लावलं. वाफ निवल्यावर स्टोव्हवरच्या कुकरचं झाकणही तिच्याच हातानं उघडलं. वाफाळलेला भात बघून ती बाई असं हसली, जणू तो तिनंच पिकवला होता.

त्या गावात कुकर खपले. मी बाजूला उभी राहून खोकी देत होते. जिला मी वाफेची नळी म्हणत होते तिला तिनं नाक म्हटलं, एवढाच काय तो फरक, असं मी मनाशी म्हणत होते आणि माझे कान तापले होते. ते उन्हानं नव्हते तापले.

परतताना बसमध्ये मी तिला विचारलं, हे कुठं शिकलीस. ती खिडकीबाहेर बघत होती. उन्हानं करपलेली शेतं, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग, मधेच एखादं हट्टानं हिरवं राहिलेलं निंबाचं झाड. म्हणाली, "अगं, गोष्टीतच. मी आधी राक्षस पूर्ण दाखवायचे, दात, नखं, सगळं. मुलं हसायची. मग मी नुसता पायाचा आवाज द्यायला लागले. पण नुसत्या आवाजानं मूल घाबरून पुस्तक मिटतं. त्याला पान उलटायला लावायचं असेल तर राक्षसाला नियम लागतो. नियम कळला की भीती जात नाही, पण हातात येते. मग मूल स्वतःच राक्षसाची वाट बघतं." थोडं थांबून म्हणाली, "आणि भीती आपली चालत नाही. त्यांचीच घ्यावी लागते. मागून."

मागे बसलेल्या म्हाताऱ्यानं तिला शेंगा दिल्या. तिला सगळे काहीतरी द्यायचे. कंडक्टर जागा द्यायचे, रसवंतीवाला जास्तीचं लिंबू द्यायचा. तिची वेणी नेहमी सुटलेली, साडीची निरी वर-खाली, अक्षर कोंबडीचं. आणि मी, इस्त्रीची साडी, टापटीप पिशवी, कोपऱ्यात उभी. देवानं वाटप करताना माझ्या वाट्याला नीटनेटकेपणा दिला आणि बाकी सगळं तिला देऊन टाकलं, असं मला खरंच वाटायचं.

नशिराबादला मी तिचं सगळं करून बघायचं ठरवलं. टॉवेल टाकला. कुकर फुटल्याची गोष्ट सांगायला घेतली. पण मी विचारलं नाही, स्वतःच रचली. कोवळी सून, डोळ्यांवर आलेली वाफ, तिच्या आईनं फोडलेला हंबरडा. माझ्या लेखांतला सगळा हळवेपणा मी त्यात ओतला. गोष्ट रंगली, फारच रंगली. पुढे बसलेल्या एका गरोदर पोरीचे डोळे भरले आणि तिची सासू तिला हाताला धरून घेऊन गेली. जाताना म्हणाली, "बाई, तू विकायला आलीस का भिववायला?" तिच्या मागोमाग सगळ्या उठल्या. शिट्टी झाली तेव्हा ऐकायला मी, कुसुम आणि स्टोव्ह होतो.

भात कुसुमनं डब्यात भरून घेतला, वाया जायला नको म्हणून. बस यायला वेळ होता. बाभळीखाली बसून आम्ही तोच भात मीठ लावून खाल्ला. मग ती हळूच म्हणाली, "राक्षस फार छान आणलास, शैला. माझ्यापेक्षा छान. फक्त त्यांच्या हातात काही दिलं नाहीस." ती हे मनापासून म्हणत होती, तेच असह्य होतं. ती जरा जरी गर्वानं बोलली असती तरी मला तिचा तिरस्कार करता आला असता. हेवा तिरस्कारापेक्षा अवघड असतो. ज्याचा हेवा वाटतो त्याच्या शेजारी बसून भात खावा लागतो.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, थोडं आधी नाना आम्हाला धुळ्याला घेऊन गेले. दुकानाची जागा बघायची होती. मी वरची खोली बघितली. माझ्या मनातल्यापेक्षा लहान होती, पण खिडकी होती. कुसुमनं नुसतं डोकावून "ऊन फार येईल" म्हटलं. तिला ती नकोच असल्यासारखी. मला ते फार लागलं.

तिथं नानांच्या नात्यातलं एक घर होतं. नवी सून आली होती, तिच्या आहेरात नानांच्याच दुकानातला कुकर आला होता, आणि सासूनं, अक्कांनी, तो घरात घेतला नव्हता. ओसरीवर खोक्यातच पडून होता. नाना म्हणाले, "अक्कांना जरा समजावा." सकाळी आधी मी गेले. अक्कांना मी आकृती काढून दाखवली. वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, एवढंच लक्षात ठेवलं की धोका नाही, असं सांगितलं. अक्का "हं" म्हणाल्या आणि डाळ निवडत राहिल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुपारी कुसुम आली. मी बरोबर गेले. खोटं कशाला सांगू, ती हरताना बघायला गेले. तिनं हसतखेळत सुरुवात केली, आणि अक्कांनी डाव्या हाताची लांब बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी आखडून चकाकत होती. कुसुमचं हसणं थांबलं. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता तिच्यापाशी काही उरलं नाही. हिनं राक्षस पाहिलाय, हिला गोष्ट काय सांगणार?

कुसुमनं त्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "अक्का, त्या दिवशी काय झालं? सकाळपासून सांगा."

अक्का थबकल्या. एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं बहुधा. घरच्यांनी 'कुकरनं भाजलं' म्हणून विषय मिटवला होता. त्या सांगायला लागल्या. बहिणीच्या घरचं साखरपुड्याचं जेवण, पाहुणे वेळेआधी आलेले, बहिणीच्या नवऱ्याची बाहेरून घाई. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक झाला. "शिट्टी अजून सूं सूं करत होती," त्या म्हणाल्या. "मला दिसत होतं. तरी मीच झाकण ओढलं. वाफ जाऊ दिली नाही मी. त्यांनी हाक मारली ना, म्हणून." मग त्यांनी बाही खाली ओढली. सुनेला म्हणाल्या, "आण ते खोकं आत. पण घाई करायची नाही. कुणीही हाक मारली तरी."

मी खांबाला टेकून उभी होते. सकाळी मी जे सांगितलं होतं तेच अक्का बोलल्या होत्या. माझ्या तोंडून ते माहितीपत्रक होतं. त्यांच्या तोंडून आलं तेव्हा त्यांना ते पटलं. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि कळण्याचा आनंद एक कणही झाला नाही. नाना दारातून सगळं बघत होते. धुळं कुणाला द्यायचं ते त्यांचं तिथंच ठरलं, हे त्यांच्या नाक पुसण्यावरूनसुद्धा मला समजलं.

मग आखाजी आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, घराघरांत आंब्याचा रस आणि पुरणाचा वास असतो. कुसुम गावी गेली आणि परत आली नाही. दुकान उघडायची तयारी चाललेली, लग्नाच्या तिथी भराभर जवळ येणाऱ्या. निरोप आला तो एवढाच की वडील पाठवत नाहीत. नाना मला म्हणाले, "शैला, तू जाऊन विचारून ये. ती येणार नसेल तर धुळं तू बघ. मला आता थांबता येत नाही."

त्या दिवशी धरणगावच्या बसमध्ये मी किती हलकी होते! खिडकीतून झळा येत होत्या आणि मला त्या गार वाटत होत्या. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त विचारायचं, नकार ऐकायचा आणि परत यायचं. खोलीच्या खिडकीला पडदा कोणत्या रंगाचा लावायचा, ते धरणगाव येईपर्यंत ठरलं होतं.

कुसुम धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, कुरडया घालत होती. मला बघून खाली आली. हात चिकानं बरबटलेले, डोळे सुजलेले. म्हणाली, "आबा म्हणतात, आता बस झालं, धुळ्याला एकटी राहायचं नाही. आईनं कुणाला तरी कळवलंय, मला बघायला पाहुणे येतील." मी विचारलं, "तू बोलली नाहीस? तू तर अख्ख्या खानदेशाला बोलतं करतेस." ती म्हणाली, "आबांसमोर माझी जीभच उचलत नाही. लहानपणापासून नाही. मी विचारूच शकत नाही त्यांना काही." मग आईनं हाक मारली आणि ती शिडीनं वर गेली, कुरडया वाळून तडकतील म्हणून.

आबा ओसरीत बाजेवर बसले होते. मोठ्या हाडांचा, कमी बोलणारा माणूस. मी पाणी प्यायले आणि नानांचा निरोप सांगितला. ते म्हणाले, "नही धाडाव." पाठवणार नाही. झालं माझं काम. मी पिशवी उचलली. तेवढ्यात ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "राक्षसन्या गोष्टी लिखस. भांडा ईकस. कोन्ही बी करी हाई काम. त्यामा काय शे?"

कुणीही करील हे काम. त्यात काय आहे?

मी पिशवी खाली ठेवली. मला राग आला, आणि तो कुसुमसाठी आला असं म्हणायची मला लाज वाटते, कारण तो माझ्यासाठी होता. कुणीही करील? मग मी का करू शकले नाही? अख्खा उन्हाळा मी जिच्यामुळे जळले, झोपेत दात खाल्ले, ती कुणीही होती? हा माणूस तिला जेवढी स्वस्त करत होता, तेवढी मी स्वस्तात हरल्यासारखी होत होते. माझा हेवा एवढा हलका नव्हता.

मी बाजेसमोर जमिनीवर मांडी घातली. म्हटलं, "आबा, धुळ्याला एकट्या राहणाऱ्या पोरींचं तुम्ही काय काय ऐकलंय?"

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही, आणि ते गप्प बसणं मला फार जड गेलं. मग ते सांगायला लागले. त्यांच्या चुलत भावाची मुलगी शहरात नोकरीला गेली होती. गावात कुणीतरी काहीतरी बोललं. खरंखोटं कुणालाच माहीत नव्हतं. पण तिचा बाप देवळात जायचा बंद झाला, लग्नाच्या पंगतीत कडेला बसायला लागला. "तो काही न करता मरना व माय," आबा म्हणाले. "पोरनी काहीच करं नव्हतं. तरी तो मरना." त्यांच्या आवाजात कुसुमबद्दल राग नव्हताच. त्या भावाची कडेची जागा त्यांना दिसत होती, आणि तिथं ते स्वतः बसलेले दिसत होते.

"होतं असं," मी म्हटलं. "खरंच होतं. तो भाऊ मुलीकडे कधी जायचा का?"

"नही. रागे व्हता."

"घरचं कुणीच जायचं नाही?"

आबा हळूहळू मान हलवत राहिले. पुढचं माझ्या जिभेवर होतं, पण मी ते गिळलं. वर धाब्यावर कुसुमच्या पायांचा आवाज येत होता. शेवटी आबाच म्हणाले, "कोन्ही जातं तर लोके बोलतात नही. बाप येस-जास, मंग कोन काय म्हनी?"

"दुकानात खुर्ची टाकून ठेवते तुमच्यासाठी," मी म्हटलं. "बाजाराच्या दिवशी या. वरच्या खोलीची एक किल्ली तुमच्याजवळ राहील."

"खोली मी देखसू पहिले," आबा म्हणाले.

"बघा ना. ऊन जरा येतं, पण खिडकी चांगली आहे," मी म्हणाले. म्हणताना मनातून मी तिथला पडदा काढत होते.

परतीच्या बसमध्ये मी अख्खा रस्ता डोळे मिटून बसले. कुणाला वाटलं असेल, ऊन लागलंय. त्या लग्नसराईतलं माझं ते एकच खरं यश. मी माणूस जिंकला होता, आणि जिंकून जे मिळायचं होतं ते कुसुमला मिळालं होतं. दुकानात नानांनी विचारलं, "काय म्हणते?" मी म्हटलं, "येतेय." ते म्हणाले, "बरं झालं." मी मशीनजवळ गेले आणि कुठल्या तरी नवरीचं नाव परातीवर बरोबर आलंय का, ते तपासत राहिले.

पुढे मी जळगावचं दुकान सांभाळलं, चांगलं सांभाळलं. बायकांना बोलतं करायला शिकले. घर झालं, सगळं यथास्थित झालं. कुसुमनं धुळ्यात दुकान वाढवलं. तिच्या राक्षसांची पुस्तकं निघाली आणि माझ्याच घरातल्या पोरांनी ती फाटेपर्यंत वाचली. आबा बाजाराच्या दिवशी खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांना पाणी द्यायचे. मी गेले की माझ्यासाठी चहा सांगायचे.

आबा आता नाहीत. कुसुम दर लग्नसराईत फोन करते, आणि इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारते, "खरं सांग ना शैला, मी धाब्यावर होते तेव्हा आबांना तू काय सांगितलंस? मी त्यांना कितीदा विचारलं. नुसते हसायचे आणि म्हणायचे, तुन्ही मैतरीन हुशार शे."

मी म्हणते, "विसरले गं. किती वर्षं झाली."

ती वाट बघते. तिला वाट बघता येते, तिच्या त्या गप्प बसण्यापुढे भली भली माणसं बोलून गेली आहेत. फोनमध्ये धुळ्याचा पंखा गरगरताना ऐकू येतो. मीही गप्प बसते. बाहेर क्लॅरिनेटवाला त्याच सुरावर घसरतो. शेवटी तीच हसून म्हणते, "जाऊ दे, ठेवते."

खोली तिची, दुकान तिचं, पुस्तकं तिची, राक्षससुद्धा तिचे. ती दुपार तेवढी मी तिला देणार नाही.